वेगात धावणाऱ्या बोटीवर खोलीमापकाचा आकडा भरवशाचा कसा मिळवावा?

(खाडीकाठच्या बागायतदार व मच्छीमारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा अध्यापक पिकाऐवजी बोटीवर बोलायला उभा राहिला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु कोकणपट्टीत शेती आणि पाणी ही दोन वेगळी घरे नाहीत. ज्याच्या दारात आंब्या-नारळाची बाग आहे, त्याच्याच घरातला एखादा भाऊ होडीवर असतो. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना समुद्र दाखविणारे अनेक तरुण शेती आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतलेच आहेत. बोटीचे कर्ज आणि बागेचे कर्ज शेवटी एकाच घराला फेडायचे असते. म्हणून बोटीवरील एका लहानशा यंत्राविषयी आज आपण सविस्तर विचार करू.

हे यंत्र म्हणजे खोलीमापक. आपण त्याला इको साउंडर किंवा फिश फाइंडर म्हणता. वल्ह्याच्या आणि शिडाच्या होडीत बांबू टोचून किंवा दोरीला शिसे बांधून खोली पाहिली जात असे. होडी सावकाश चालायची, त्यामुळे तेवढे पुरायचे. आता फायबरच्या बोटीला मागे आउटबोर्ड इंजिन लागले आणि वेग १५ ते २० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी २८ ते ३७ किलोमीटरपर्यंत गेला. या वेगात दोरी टाकता येत नाही, म्हणून आपण यंत्रावर विसंबतो. आणि नेमकी याच वेळी बहुतेकांची तक्रार येते, ती अशी : "बोट उभी असताना आकडा अगदी बरोबर येतो, पण वेग धरला की आकडा लुकलुकतो, भलताच येतो, नाहीतर नाहीसाच होतो."

ही तक्रार किरकोळ समजू नका. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दरवर्षी जागा बदलतो. गेल्या हंगामात जिथून बोट सुखरूप गेली, तिथे या हंगामात गुडघाभर पाणी असू शकते. वेगातल्या बोटीच्या इंजिनाचा पाय वाळूला लागला, तर पंखा व गिअर तुटतो, बोटीतली माणसे पुढे फेकली जातात, आणि दांड्यावर लाटा फुटत असतील तर इंजिन बंद पडलेली बोट आडवी होऊन उलटायला वेळ लागत नाही. म्हणून यंत्राचा आकडा कधी मानायचा आणि कधी मानायचा नाही, हे बोट चालविणाऱ्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

यंत्र खोली कशी मोजते?

१९१२ मध्ये टायटॅनिक हे जहाज हिमनगावर आपटून बुडाले. त्यानंतर हिमनगाचा आधीच सुगावा लागावा म्हणून जर्मनीतील अलेक्झांडर बेम यांनी पाण्यातील प्रतिध्वनीवर प्रयोग केले. हिमनग शोधण्यापेक्षा समुद्राची खोली मोजण्यासाठी ही रीत अधिक उपयोगी ठरली आणि १९१३ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे १९४८ मध्ये जपानमधील फुरुनो बंधूंनी याच तत्त्वावर मासे शोधण्याचे यंत्र बाजारात आणले. आपल्या बोटीवरचे यंत्र याच वंशातले आहे.

यंत्राचे दोन भाग असतात. एक, आपल्यासमोर आकडे व चित्र दाखविणारा पडदा. दुसरा, पाण्यात असणारा ट्रान्सड्यूसर. यालाच बरेच जण नुसते 'सेन्सर' म्हणतात. ट्रान्सड्यूसर आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज तळाकडे सोडतो आणि तळावर आपटून परत आलेला आवाज पकडतो. जायला-यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र खोली काढते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. आपल्याकडच्या उबदार, खाऱ्या पाण्यात तो याहून थोडा अधिक, म्हणजे १५४० मीटरच्या आसपास असतो. यंत्र सहसा १५०० धरून हिशेब करते, त्यामुळे खोली प्रत्यक्षापेक्षा शेकडा दोन-तीन कमी दिसू शकते. ही चूक लहान आहे आणि सुरक्षित बाजूची आहे, तिची चिंता नको.

दोष वेगाचा नाही

पुष्कळांचा समज असा, की बोट पळते, त्यामुळे आवाज परत येईपर्यंत ती पुढे निघून जाते आणि प्रतिध्वनी चुकतो. हा समज तपासून पाहू. खोली १० मीटर आहे. आवाजाला खाली जाऊन वर यायला २० मीटर अंतर पडते. त्यासाठी सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग लागतो. २० नॉट वेगाची बोट एका सेकंदात सुमारे १० मीटर जाते. म्हणजे एवढ्या वेळात ती पुढे सरकते फक्त १४ सेंटिमीटर. वीतभरही नाही! आणि आवाज काही दोरीसारखा सरळ रेषेत जात नाही. तो उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा पसरतो. नरसाळ्याचा कोन २० अंश असेल, तर १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचा तळ त्याच्या कक्षेत येतो. वीतभर सरकल्याने काहीच बिघडत नाही.

तेव्हा दोष वेगाचा नाही. वेगामुळे ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी जी हवा येते, तिचा आहे. आजच्या सगळ्या बोलण्याचे सार या एका वाक्यात आहे.

खरा शत्रू : हवा

आपल्यापैकी प्रत्येकाने विहिरीवरचा पंप हाताळला आहे. सक्शन पाइपला केसाएवढी चीर असली आणि हवा ओढली जाऊ लागली, की पाच अश्वशक्तीचा पंपसुद्धा पाणी सोडून देतो. तिथे आपण मोठा पंप आणत नाही. हवा कुठून शिरते ते शोधतो. खोलीमापकाचे तसेच आहे. पाण्यातून हवेत जाताना आवाजाच्या शक्तीचा हजारातला जेमतेम एक भाग पलीकडे जातो, बाकी सगळा जागच्या जागी परततो. म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर बुडबुड्यांचा पातळ पडदा आला, तरी यंत्र आंधळे होते. यंत्र अधिक शक्तीचे घेतले तरी पडदा तोच राहतो. जुन्या यंत्राच्या जागी महागडे यंत्र आणूनही तक्रार कायम राहते, ती यामुळेच.

ही हवा चार ठिकाणांहून येते. पहिली, बोटीच्या पुढच्या भागाने लाट फोडली की हवा पाण्यात मिसळते आणि तळाखालून मागे वाहत येते. दुसरी, तळावरच्या लांब कडा, पट्ट्या, खिळे-स्क्रूची डोकी, पाणी घेण्याची भोके यांच्या मागे पाणी घुसळून फेस होतो. तिसरी, इंजिनाचा पंखा. चौथी, खुद्द ट्रान्सड्यूसर वाकडा किंवा जास्त वर बसविला असेल, तर त्याच्या तोंडापासून पाणी सुटते आणि तिथे पोकळी होते.

आधी निदान, मग उपचार

पिकावर डाग दिसले की तो रोग आहे, कीड आहे की अन्नद्रव्याची कमतरता, हे पाहिल्याशिवाय आपण फवारणी करत नाही. इथेही तसेच करावे. शांत खाडीत, चार ते सहा मीटर पाण्यात, भरती किंवा ओहोटी थांबलेली असताना पुढील तीन चाचण्या घ्याव्यात.

पहिली चाचणी : बोट नांगरावर उभी, इंजिन बंद. शिशाचे वजन बांधलेल्या दोरीवर दर अर्ध्या मीटरला खूण करावी. खुणा दोरी ओली करून, ताणून कराव्यात. दोरीने मोजलेली खोली आणि यंत्राचा आकडा ताडून पाहावा. इथेच मोठा फरक पडत असेल, तर यंत्राची मांडणी, वायर किंवा ट्रान्सड्यूसर बिघडला आहे. मात्र तळाशी मऊ गाळ असेल, तर यंत्र गाळाचा वरचा थर दाखविते आणि शिसे गाळात रुतून जास्त खोली दाखविते. म्हणून ही चाचणी वाळूच्या किंवा घट्ट तळावर घ्यावी.

दुसरी चाचणी : बोट तशीच नांगरावर उभी, इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये. पंखा फिरणार नाही याची खात्री करून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. पडद्यावर ठिपके, आडव्या-उभ्या रेघा वाढू लागल्या किंवा आकडा नाचू लागला, तर दोष विजेचा आहे, पाण्याचा नाही. कारण बोट जागची हललेलीच नाही.

तिसरी चाचणी : नांगर उचलून खोल व मोकळ्या पाण्यात सरळ जावे. वेग पाच नॉटने वाढवीत जावे आणि प्रत्येक वेगावर मिनिटभर थांबावे. एकाने फक्त बोट चालवावी, दुसऱ्याने आकडे वहीत लिहावेत. कोणत्या वेगाला चित्र फिके पडले आणि कोणत्या वेगाला आकडा गेला, ते टिपावे. न्यूट्रलमध्ये चित्र स्वच्छ आणि चालताना खराब, याचा अर्थ दोष हवेचा, म्हणजे ट्रान्सड्यूसरच्या जागेचा, उंचीचा किंवा कलाचा. ट्रान्सड्यूसरकडे पाहण्यासाठी चालत्या बोटीत मागच्या फळीवरून वाकू नये. हा मोह जिवावर बेततो.

हे आकडे लिहिलेली वही जपून ठेवा. दुरुस्ती केल्यावर फरक पडला की नाही, हे त्यावरूनच कळेल.

जागेची निवड

आपल्याकडे बहुतेक लहान फायबर बोटींत ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, बाहेरून बसवितात. जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) बोट किनाऱ्यावर ओढली असताना तिच्या तळाखाली बसून पाहा. ट्रान्सड्यूसरच्या जागेपासून पुढे नजर टाकली, तर तळ स्वच्छ व गुळगुळीत दिसला पाहिजे. त्या ओळीत पट्टी, कड, भोक, दुरुस्तीचा उंचवटा असेल, तर ती जागा सोडावी.

२) पंख्यापासून ३५ ते ४० सेंटिमीटर तरी अंतर ठेवावे.

३) मागून पाहिले असता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला बसवावा. त्या बाजूला पाती वरून खाली येतात आणि बुडबुडे कमी असतात. पंखा उलटा फिरणारा असेल, तर डावी बाजू घ्यावी.

४) कण्यापासून फार दूर, कडेला बसवू नये. वेगात वळताना बोट कलते आणि कडेचा भाग पाण्याबाहेर येतो.

५) ट्रेलरचे रूळ किंवा बोट ओढण्याचे ओंडके जिथे घासतात, ती जागा टाळावी.

उंची आणि कल : खरी मेख इथे आहे

जागा बरोबर असूनही आकडा जातो, तेव्हा दहांतील बहुतेक वेळा उंची किंवा कल चुकलेला असतो. फायबर बोटीत ट्रान्सड्यूसरचे तोंड तळाच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली असावे. ॲल्युमिनियमच्या बोटीत ते १० मिलिमीटरपर्यंत खाली ठेवतात. ते तळाच्या वर राहिले, तर वेगात पाणी तळाच्या कडेवरून सुटून सरळ मागे जाते आणि ट्रान्सड्यूसर हवेत लटकतो. ते फारच खाली गेले, तर मागे पाण्याचा फवारा उडतो, ट्रान्सड्यूसर स्वतःच फेस करतो आणि ओंडका लागून तुटण्याची भीती असते.

कलाचे असे आहे. बोट वेगात असताना ट्रान्सड्यूसरचे तोंड पाण्याच्या पातळीशी समांतर असावे, किंवा त्याची मागची कडा पुढच्या कडेपेक्षा अगदी किंचित खाली असावी. म्हणजे वाहते पाणी तोंडाला चिकटून जाते. पुढची कडा खाली झुकली, की पाणी तोंडापासून सुटते आणि पोकळी तयार होते. लक्षात ठेवा, बोट उभी असताना तिचा तळ ज्या कलात असतो, त्या कलात ती धावत नाही. वेग घेताना बोटीचा पुढचा भाग वर उचलला जातो. शिवाय मागे माणसे किंवा माल जास्त भरला, इंजिनाचा कल बदलला, तरी हा कोन बदलतो. म्हणून चाचणी घेताना नेहमीचे वजन नेहमीच्या जागी ठेवूनच घ्यावी.

सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करावा. उंची ३ मिलिमीटरने खाली घ्या, पुन्हा तिसरी चाचणी घ्या. फरक पडला नाही तर पूर्वीच्या जागी आणून कल किंचित बदला. खताच्या प्रयोगात आपण नत्र, स्फुरद आणि पाणी सगळे एकदम बदलले, तर फायदा कशाने झाला ते कळत नाही. तेच इथे आहे. हे सर्व करता यावे म्हणून ट्रान्सड्यूसर थेट फळीवर न ठोकता, आधी फळीवर प्लास्टिकचा जाड तुकडा बसवून त्यावर ट्रान्सड्यूसर लावावा. प्रत्येक वेळी बोटीला नवे भोक पडत नाही. जे भोक पाडाल, ते समुद्रात चालणाऱ्या सीलंटने बंद करायला विसरू नका. भोकातून झिरपणारे पाणी फळीतले लाकूड कुजवते.

बोटीच्या आतून बसविण्याची रीत

फायबर बोट जास्त वेगाची असेल, तर ट्रान्सड्यूसर तळाच्या आतल्या बाजूने चिकटविणे हा चांगला मार्ग आहे. आवाज फायबरच्या थरातून पार होतो. बाहेर काहीच नसल्यामुळे फेस होत नाही, ओंडका लागत नाही, शेवाळ धरत नाही. मात्र तीन अटी आहेत. एक, त्या जागी तळ सलग फायबरचा हवा. मध्ये फोम किंवा प्लायवूड भरलेले असेल तर त्यात हवा असते आणि आवाज अडतो. बोट बांधणाऱ्या कारागिराला हे आधी विचारावे. दोन, जागा मागच्या भागात, कण्याजवळ असावी, म्हणजे वेगातही तिथला तळ पाण्यात राहील. तीन, चिकटविताना इपॉक्सीत बुडबुडा राहता कामा नये.

कायमचे चिकटविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. बोट पाण्यात असताना आतून तळ ओला करावा, पातळ पॉलिथिन पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर बुडवावा, पिशवीतली हवा काढावी आणि ती तळावर दाबून धरावी. ट्रान्सड्यूसर बाहेर पाण्यात धरून येणारा आकडा व चित्र आणि हे चित्र जवळपास सारखे आले, तर जागा योग्य आहे. या रीतीत आवाजाची काही शक्ती फायबरमध्ये खर्च होते आणि पाण्याचे तापमान नीट कळत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात काम करणाऱ्या बोटींना तेवढे चालते. लाकडी नौकेत मात्र ही रीत उपयोगाची नाही. तिथे तळाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर बसवावा लागतो आणि ते काम जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावे.

विजेचे दोष

दुसऱ्या चाचणीत दोष विजेचा निघाला, तर पुढीलप्रमाणे करावे. यंत्राला वीज थेट बॅटरीवरून, स्वतंत्र वायरने आणि पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज लावून द्यावी. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनाच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधू नये. शक्य तर दुसऱ्या बाजूने न्यावी. उरलेली वायर कापू नये. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले जोड साफ करून घट्ट करावेत. बॅटरी कमजोर असेल, तर इंजिनाला स्टार्टर मारताना यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते; तो यंत्राचा दोष नव्हे. जवळच दुसऱ्या बोटीवर त्याच फ्रीक्वेन्सीचे यंत्र सुरू असेल, तरीही पडद्यावर तिरक्या रेघा येतात. बोटी दूर गेल्या की त्या जातात.

यंत्रावरील बटणे

खाडीत आणि किनाऱ्यालगत उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झ ठेवावे. ५० किलोहर्ट्झ खोल पाण्यासाठी आहे. त्याचे नरसाळे रुंद असते आणि बारीक उंचसखलपणा त्यात पुसला जातो. खोलीची मर्यादा यंत्रावर सोडून दिली आणि वेगात ते गोंधळू लागले, तर ती हाताने लावावी. सहा-सात मीटरच्या खाडीत ० ते १५ मीटर पुरे. गेन, म्हणजे ऐकण्याची तीव्रता, एवढीच वाढवावी की तळाची रेघ जाड व सलग दिसेल. ती फार वाढविली, तर यंत्र बुडबुड्यांनाच तळ समजते.

खोटा आकडा कसा ओळखावा?

आकडा गेला, पडदा कोरा झाला, तर माणूस सावध होतो. धोका त्यापेक्षा खोट्या आकड्यात आहे. त्याचे तीन प्रकार आहेत.

गोठलेला आकडा : प्रतिध्वनी हरवला तरी काही यंत्रे शेवटचा आकडा काही वेळ तसाच दाखवितात. बरीच लुकलुकवून दाखवितात. लुकलुकणारा किंवा बराच वेळ एकाच जागी थांबलेला आकडा म्हणजे आकडा नाहीच, असे समजावे.

दुप्पट आकडा : उथळ पाणी आणि कठीण तळ असेल, तर आवाज तळ आणि पृष्ठभाग यांमध्ये दोनदा फिरतो. यंत्र दुसरा प्रतिध्वनी धरते आणि दोन मीटरच्या जागी चार मीटर दाखविते. हा प्रकार सर्वांत घातक. पडद्यावर एकाखाली एक दोन तळ दिसले, तर वरचा खरा मानावा.

एक मीटरच्या आतला आकडा : खोल पाण्यात वेग धरताच अचानक ०.६ किंवा ०.८ मीटर दिसू लागले, तर यंत्राने बहुधा तोंडाजवळचा फेस पकडला आहे. तरीही वेग आधी कमी करावा, शंका मग फेडावी.

म्हणून नुसत्या आकड्याकडे न पाहता चित्राकडे पाहण्याची सवय लावा. तळाची रेघ सलग असेल, तर आकडा मानावा. रेघ तुटक असेल, तर आकडा कितीही चांगला वाटला तरी मानू नये.

यंत्र पुढचे पाहत नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र उत्तम बसविले, आकडा स्वच्छ आला, तरी तो बोटीच्या खालचा आहे, पुढचा नव्हे. तळ दर २० मीटरला १ मीटर चढत असेल, तर २० नॉट वेगाने दर दोन सेकंदांना एक मीटर पाणी कमी होते. आकडा चार मीटर दिसला, तेथून एक मीटर पाण्यात पोहोचायला सहा सेकंद लागतात. त्यातले एक-दोन सेकंद यंत्र आकड्यांची सरासरी काढण्यात घेते आणि उरलेले माणूस विचार करण्यात. खाडीच्या मुखाशी, ओळखीच्या नसलेल्या पाण्यात आणि रात्री वेग उतरविण्याला कोणतेही यंत्र पर्याय नाही.

दुसरे असे, की आकडा ट्रान्सड्यूसरपासून मोजलेला असतो. इंजिनाचा पाय त्याच्या खाली ४० सेंटिमीटर असेल, तर यंत्रात तेवढी वजाबाकी भरून ठेवावी. मग दिसणारा आकडा इंजिनाच्या पायाखालच्या पाण्याचा असेल. ही मांडणी बोट चालविणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. एकाने वजाबाकी भरलेली आणि दुसऱ्याने ती पुन्हा मनात केलेली, असा घोळ नको.

तिसरे, भरती-ओहोटी. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला तो कमी होत जातो. सकाळी भरतीला पाहिलेला आकडा दुपारच्या ओहोटीला लागू पडत नाही. भांगाच्या दिवसांत पाहिलेला उधाणाला लागू पडत नाही. वहीत खोलीबरोबर तिथी आणि वेळ लिहावी.

चालवताना आणि राखताना

दुसऱ्या बोटीच्या मागोमाग, तिच्या फेसातून जाऊ नये. तिने सोडलेले बुडबुडे काही मिनिटे पाण्यात राहतात. बोट मागे घेताना आकडा मानू नये, कारण पंख्याचा फेस थेट ट्रान्सड्यूसरवर येतो. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ, शंख-शिंपल्यांचे थर आणि तेलाचा तवंग बसू देऊ नये. मऊ फडके आणि साबणाच्या पाण्याने ते पुसावे. चाकूने खरवडू नये. बोट बरेच दिवस किनाऱ्यावर राहिली असेल, तर पाण्यात घालताना तोंडाला साबणाच्या पाण्याचा हात फिरवावा, म्हणजे चिकटलेले बारीक बुडबुडे निघून जातात. तळाला लावायचा तेलाधारित रंग ट्रान्सड्यूसरला लावू नये. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हाच जागा, उंची, कल आणि वायर तपासण्याचे काम उरकावे.

थोडक्यात सांगायचे तर

आकडा वेगात जात असेल, तर नवे यंत्र घेण्याआधी हवा कुठून येते ते शोधा. न्यूट्रलमध्ये इंजिन वाढवून वीज आणि पाणी यांतला दोष वेगळा करा. स्वच्छ तळामागे, पंख्यापासून दूर, तळाच्या किंचित खाली आणि योग्य कलात ट्रान्सड्यूसर बसवा. एका वेळी एकच बदल करा व वहीत लिहा. तळाची रेघ तुटली की आकडा विसरा आणि वेग उतरवा. आणि शिसे बांधलेली दोरी बोटीत नेहमी ठेवा. तिला बॅटरी लागत नाही, आणि यंत्राचे खरे-खोटे करायला तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

यासाठी लागणारा खर्च थोडा आहे. लागतो तो एखादा दिवस, दोन माणसे आणि थोडी चिकाटी. ती आपल्यापाशी आहे, हे कातळावर बाग उभी करणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. आपल्या बोटी दांडा ओलांडून रोज सुखरूप घरी येवोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी थांबतो.